बीम ट्रॉली बसवताना आणि वापरताना: मापं, वॉशर, स्टॉपर आणि चाचणी

बीमवर चालणारी ट्रॉली दिसायला साधी असते: दोन साइड प्लेट, चार चाकं, एक-दोन आडवे बोल्ट आणि चेन ब्लॉक (साखळीने ओझं उचलायचं यंत्र) अडकवायला मधली पट्टी. दिसायला साधी म्हणूनच ती बसवताना घाई होते. प्लेटवर १ टन लिहिलंय, आपलं ओझं ८०० किलोचं आहे, मग चढवा, असा हिशेब होतो. पण तो १ टनाचा आकडा काही अटींवर दिलेला असतो. चारही चाकं फ्लँजवर (बीमच्या खालच्या आडव्या पात्यावर) पूर्ण रुंदीने टेकलेली हवीत, साइड प्लेट एकमेकींना समांतर हव्यात आणि ओझं वेबच्या (बीमच्या मधल्या उभ्या पात्याच्या) बरोबर खाली लोंबायला हवं. या तिन्ही गोष्टी कारखान्यातून येत नाहीत. ज्याच्या हातात पाना असतो तो त्या ठरवतो. त्यामुळे या लेखात सर्वात जास्त जागा मापांना आणि वॉशरच्या मांडणीला दिली आहे.

आधी बीमचं बघा

उचलण्याची क्षमता साखळीतल्या सर्वात कमकुवत कडीइतकीच असते: आधार, बीम, ट्रॉली, चेन ब्लॉक, स्लिंग (ओझ्याला बांधायचा पट्टा किंवा साखळी). ट्रॉली २ टनांची आणि बीम ५०० किलोचा असेल तर ती व्यवस्था ५०० किलोचीच. छताचे ट्रस, पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे दांडे) किंवा पत्र्याखालचे अँगल हे छताचं वजन आणि वारा पेलण्यासाठी बांधलेले असतात. त्यांना मधेच लटकणारं ओझं चालेल असं गृहीत धरू नका.

पहिल्या अंदाजासाठी एक हिशेब उपयोगी पडतो. दोन टोकांना टेकलेल्या बीमच्या मध्यावर भार असेल तर बाक (बीम मध्यात किती खाली झुकतो ते) = (भार × लांबीचा घन) ÷ (४८ × ई × आय). इथे ई म्हणजे स्टीलचा स्थितिस्थापकता गुणांक, साधारण २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी, आणि आय म्हणजे बीमचा आकार वाकायला किती विरोध करतो तो आकडा, तो सेक्शन टेबलमध्ये मिळतो. समजा लांबी ४ मीटर, ओझं १,००० किलो, ट्रॉली आणि चेन ब्लॉक मिळून ५० किलो. भार झाला सुमारे १०,३०० न्यूटन. बाक लांबीच्या १/५०० पेक्षा, म्हणजे ८ मिमीपेक्षा जास्त नको असेल तर आय किमान ८६० सेंमी⁴ च्या आसपास लागतो. साधारण १६० मिमी उंचीचे आय-बीम तिथे पोचतात. लांबी दुप्पट केली तर तोच बीम तेवढ्याच भाराला आठपट वाकतो, म्हणून ‘आधी होता तोच बीम थोडा लांब घेऊ’ हे धोक्याचं आहे.

हा फक्त अंदाज आहे. बीम कुशीवर वळणं, चाकाखाली फ्लँज स्थानिक वाकणं, उचलताना बसणारा झटका, आधाराचे बोल्ट आणि वेल्ड हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावंच लागतं. त्यात एक गोष्ट हमखास चुकते. दोन आधार आहेत म्हणून प्रत्येकावर अर्धा भार धरला जातो. ट्रॉली एका आधाराजवळ गेली की जवळपास सगळा भार त्याच आधारावर येतो, म्हणून प्रत्येक आधार पूर्ण भाराचा हवा. आणि बीमचं टोक आधाराच्या पुढे बाहेर काढलं असेल तर ट्रॉली तिथे गेल्यावर पलीकडचा आधार वर उचलला जातो. तो फक्त टेकवलेला असेल तर निसटेल.

बीम लेव्हलमध्ये हवा. स्पिरिट लेव्हल खालच्या फ्लँजला लावून मध्य आणि दोन्ही टोकं बघा. उतार असेल तर ओझ्यासकट ट्रॉली आपोआप घरंगळते. पूर्ण लेव्हल असलेला बीमही भाराखाली मध्याकडे थोडा झुकतो, त्यामुळे जड ओझं मध्याकडे सरकू बघतं. हे आधीच लक्षात असलं की टोकाजवळ ओझं उतरवताना माणूस हात सोडत नाही.

कोणती ट्रॉली

साधी ढकल-ट्रॉली १ टनापर्यंत आणि कमी उंचीवर सोयीची असते. त्यापेक्षा जड ओझं, किंवा इंजिन-गिअरबॉक्ससारखी वस्तू मिलिमीटरने सरकवून जागेवर बसवायची असेल तर हातसाखळीची गिअर ट्रॉली घ्या. तिच्यात ओझं झोके न घेता सरकतं, हा खरा फायदा. ट्रॉलीची क्षमता चेन ब्लॉकच्या क्षमतेइतकी किंवा जास्त हवी, कधीही कमी नको.

चाकाचा घाट बीमशी जुळतो का हे विकत घेण्यापूर्वी बघायचं. जुन्या पद्धतीच्या आय-बीमच्या फ्लँजची आतली बाजू साधारण ८ अंशांनी उतरती असते. एच-बीम आणि समांतर फ्लँजच्या बीमची सपाट असते. उतरत्या फ्लँजसाठीचं चाक सपाट फ्लँजवर घातलं तर ते फ्लँजच्या बाहेरच्या कडेवरच टेकतं, आणि फ्लँज वाकवायला तीच सर्वात वाईट जागा. उलट, सपाट चाक उतरत्या फ्लँजवर फक्त आतल्या काठाने टेकतं, लवकर झिजतं आणि आवाज करतं. बऱ्याच ट्रॉल्यांची चाकं किंचित फुगीर असतात, ती दोन्हीकडे चालतात. मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे.

आणखी एक भाग शोधा. साइड प्लेटचा जो भाग चाकांच्या पुढे-मागे फ्लँजच्या वर येतो, तो पडझड रोखणारा असतो. चाक किंवा त्याचा आस तुटला तर ट्रॉली जास्तीत जास्त २५ मिमी खाली येऊन त्यावर अडकावी, अशी त्याची रचना असते. हा भाग नसलेली ट्रॉली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

मापं घ्या, आणि पाच ठिकाणी घ्या

व्हर्नियर घेऊन खालच्या फ्लँजची रुंदी दोन्ही टोकं, मध्य आणि त्यांच्या अधेमधे अशी पाच ठिकाणी मोजा. रोल केलेल्या बीमची रुंदी सगळीकडे एकसारखी नसते. १०० मिमीच्या फ्लँजवर कुठे ९९ तर कुठे १०२ मिळू शकतं. सर्वात रुंद जागेचं माप वॉशर ठरवायला घ्या, आणि सर्वात अरुंद जागी चाक किती टेकतं हे नंतर तपासा. फ्लँजची जाडीही मोजा. चाक आणि साइड प्लेटच्या खालच्या भागात ठरावीकच जागा असते, जाड फ्लँजचा एच-बीम असला तर तिथेच अडकतं.

फ्लँजच्या वरच्या बाजूला, म्हणजे जिथून चाकं जाणार तिथे, हात फिरवा. वेल्डचे शिंतोडे, रंगाचे थर, बोल्टचं डोकं, जोडाचा उंचवटा, सगळं बोटाला लागतं. वेल्ड ग्राइंड करून सपाट करा, रंगाचे गोळे खरवडून काढा. बोल्टचं डोकं आड येत असेल तर तो बीम तिथपर्यंतच वापरायचा.

वॉशरची मांडणी

बहुतेक ट्रॉल्यांत आडव्या बोल्टवर वॉशर घालून रुंदी जुळवतात. चाकाला बाहेरच्या बाजूने कड असते. समोरासमोरच्या दोन चाकांच्या कडांमधलं अंतर म्हणजे फ्लँजची रुंदी अधिक खेळती जागा. ही खेळती जागा दोन्ही बाजू मिळून साधारण ३ मिमी असते. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. म्हणजे सर्वात रुंद जागी फ्लँज १०२ मिमी असेल तर कडांमधलं अंतर १०५ मिमी.

इतकं काटेकोर का, ते आकड्यात बघा. चाकाचा टेकणारा भाग २५ मिमी रुंद आहे आणि खेळती जागा ३ मिमी. ट्रॉली पूर्ण एका बाजूला सरकली तरी पलीकडचं चाक २२ मिमी टेकलेलं राहतं. खेळती जागा १५ मिमी ठेवली तर पलीकडे फक्त १० मिमी टेकतं, तेही फ्लँजच्या टोकावर. तिथे फ्लँज खाली वाकतो, चाक तिरकं होतं, आणखी बाहेर सरकतं. ट्रॉली बीमवरून निसटते ती अशीच, आणि कुठलाही भाग तुटलेला नसतो. खेळती जागा अगदी कमी ठेवली तर धोका त्या मानाने लहान: रुंद जागी ट्रॉली अडकते. पण मग माणसं ती मोकळी करायला ओझं हिसकावतात, आणि तिथून पुढचं बिघडतं.

मांडणीचे नियम असे. मधल्या पट्टीच्या डावीकडे आणि उजवीकडे आतले वॉशर सारख्या संख्येने घाला, म्हणजे हुक वेबच्या खाली येतो. उरलेले वॉशर फेकायचे नाहीत, ते साइड प्लेटच्या बाहेर, नटखाली जातात. त्यांच्यामुळेच नट आट्यांवर योग्य जागी बसतो. आतून एक वॉशर काढला की तो बाहेर घालायचा, एकूण संख्या कायम. दोन्ही बाजूंना एकेक ४ मिमीचा वॉशर वाढवला तर अंतर ८ मिमीने वाढतं, म्हणून आधी कागदावर गणित करा. विषम संख्या आली आणि मॅन्युअलच्या तक्त्यात तशी मांडणी दिलेली असेल तरच एका बाजूला एक जास्त चालेल. दुकानातले साधे पातळ वॉशर भर म्हणून घालू नका. ते दबतात आणि महिन्याभरात नट ढिला झालेला दिसतो.

काही ट्रॉल्यांत वॉशरऐवजी डाव्या-उजव्या आट्यांचा दांडा असतो, तो फिरवला की दोन्ही प्लेट एकदम जवळ किंवा लांब जातात. काम पटकन होतं, पण दांडा कुलूपबंद करणारा बोल्ट किंवा पिन बसली नाही तर तो कंपनाने आपोआप फिरतो.

हे सगळं जमिनीवर, टेबलावर करा. त्याच बीमचा कापलेला तुकडा मिळाला तर त्याच्यासारखं गेज नाही. नसेल तर फ्लँजच्या रुंदीची प्लायवुडची पट्टी कापा. साइड प्लेटमधलं अंतर वर, खाली, पुढे आणि मागे अशा चार जागी मोजा. सगळीकडे सारखं येईपर्यंत पुढे जाऊ नका.

बीमवर चढवणं

खालची जागा दोरी लावून बंद करा. शिडीवरून हे काम होत नाही, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. कठड्याचा प्लॅटफॉर्म घ्या आणि दोन माणसं ठेवा. बीमचं एखादं टोक मोकळं असेल तर जमिनीवर जुळवलेली ट्रॉली तशीच टोकातून सरकवा. हीच पद्धत उत्तम, कारण जुळवलेली मापं उघडावी लागत नाहीत.

दोन्ही टोकं भिंतीत असतील तर एका बाजूचा नट आणि बाहेरचे वॉशर काढून साइड प्लेट बोल्टवर बाहेर सरकवा. बोल्टवरून प्लेट पूर्ण उतरवू नका. ट्रॉली बीमला दोरीने किंवा स्लिंगने बांधून ठेवा, चारही चाकं फ्लँजवर आणा, प्लेट आत ढकला, वॉशर मोजून परत घाला आणि नट आवळा. टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे, टॉर्क रेंचने. खाचेच्या नटात पिनचं भोक जुळत नसेल तर नट ढिला करून जुळवू नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा. ते दिलेल्या टॉर्कमध्ये बसत नसेल तर मांडणीच तपासा. स्प्लिट पिन दर वेळी नवी, आणि तिचे दोन्ही पाय वाकवलेले. आवळून झाल्यावर नट आणि बोल्टवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. नट किंचित फिरला तरी रेघ तुटलेली खालूनही दिसते.

मग प्रत्येक चाकावर खडूने एक रेघ मारा आणि रिकामी ट्रॉली बीमभर हळू ढकला. जे चाक फिरत नाही ते टेकलेलं नाही. प्लेट समांतर नाहीत, किंवा बीमला पीळ आहे. गिअर ट्रॉली रिकामी असताना हातचाकाच्या बाजूला झुकते, त्यामुळे तिची ही परीक्षा ५०-१०० किलो लटकवून घ्या.

स्टॉपर

बीमच्या मोकळ्या टोकाला स्टॉपर नसेल तर ट्रॉली फिरवायचीच नाही. दोन्ही टोकांना, आणि प्रत्येक टोकाला वेबच्या दोन्ही बाजूंना, अँगलचे तुकडे आरपार बोल्टने बसवा. प्रत्येक तुकड्याला किमान दोन बोल्ट, म्हणजे धडकेने तुकडा फिरत नाही. ट्रॉलीची साइड प्लेट किंवा बंपर दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकला पाहिजे. फक्त चाकं धडकत असतील तर चाकाच्या आसावर मार बसतो आणि चाक स्टॉपरवर चढू पाहतं. सी-क्लॅम्प लावून स्टॉपर झाला असं समजू नका, दोन-चार धडकांत तो सरकतो. खालच्या फ्लँजला भोक पाडू नका. स्टॉपरची जागा ठरवताना ओझ्याची निम्मी रुंदी आणि हातसाखळीची जागा धरा, नाहीतर ओझं आधी भिंतीवर आदळतं.

चेन ब्लॉक अडकवणं आणि चाचणी

वरचा हुक पट्टीत तळापर्यंत बसला पाहिजे आणि त्याची लॅच (तोंड बंद करणारी पट्टी) स्वतःहून बंद झाली पाहिजे. पट्टी जाड असल्याने हुकाच्या टोकावरच भार येत असेल तर क्षमता लिहिलेला बो शॅकल (पिनने बंद होणारी गोलसर कडी) मधे घाला आणि त्याची पिन तारेने बांधा. शॅकलच्या पिनऐवजी हाताशी आलेला बोल्ट चालत नाही.

चाचणीचं वजन माहीत असलेलं हवं. आधी क्षमतेच्या चौथाई वजनाने पूर्ण बीमभर फिरवा, मग पूर्ण क्षमतेने. त्यानंतर सक्षम तपासनिसाच्या देखरेखीखाली १२५ टक्के भार, जमिनीपासून १०० मिमीवर, मध्यभागी १० मिनिटं. चाचणीआधी, भार असताना आणि भार काढल्यावर बीमचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून लिहून ठेवा. भार काढल्यावर बीम मूळ मापावर आला नाही तर ती व्यवस्था नापास. पास झाली की क्षमता बीमच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरात रंगवा, आणि ती सर्वात कमकुवत भागाचीच.

रोजच्या वापरात

हुक ओझ्याच्या बरोबर वर आणा. जमिनीवर दूर पडलेली वस्तू तिरकी ओढून जवळ घ्यायची सवय सर्वात महागात पडते. साखळी उभ्या रेषेपासून १५ अंश तिरकी झाली की भाराच्या सुमारे २७ टक्के जोर आडवा लागतो, ३० अंशांना ५८ टक्के. आणि १६० मिमीचा आय-बीम कुशीवर वाकायला उभ्यापेक्षा १२ ते १७ पट कमजोर असतो. ट्रॉलीही एका बाजूची चाकं उचलून उभी राहते. वस्तू आधी ट्रॉली-जॅकने बीमखाली आणा, मग उचला.

दोन पायांच्या स्लिंगचा कोन आडव्यापासून ६० अंश ठेवा. १ टनाला प्रत्येक पायावर ०.५८ टन येतं. ४५ अंशांना ०.७१, आणि ३० अंशांना एका पायावर पूर्ण १ टन. उचल १०० मिमीवर थांबवा, ओझं झुकतंय का, साखळीला पीळ आहे का ते बघा, मगच पुढे. दोन पदरी चेन ब्लॉकचा खालचा हुक कधी कधी उलटा फिरून साखळीत गुंता होतो, तो भार असताना सोडवता येत नाही. हातसाखळी एका माणसाच्या जोराने ओढली जात नसेल तर दुसऱ्याला बोलवू नका. भार जास्त आहे किंवा काहीतरी अडकलं आहे.

साधी ट्रॉली सरकवताना ओझ्याला बाजूने ढकला. ओझं नसेल तर रिकामा हुक धरून ओढा, हातसाखळीला लोंबकळू नका. ओझं जेवढं खाली तेवढं बरं, सरकवताना ते जमिनीपासून जेमतेम वर ठेवा. खाली पाय किंवा हात घालून काम करायचं असेल तर आधी ओझं स्टँडवर टेकवा.

लटकलेल्या वस्तूवर वेल्डिंग करू नका. अर्थ क्लॅम्प लांब असेल तर करंट साखळी आणि चाकांच्या बेअरिंगमधून परत जातो. उष्णतोपचार केलेल्या साखळीवर पडलेला ठिणगीचा बारीक डागसुद्धा भेगेची सुरुवात असतो.

तपासणी

वापरण्याआधी रोज: रंगाच्या रेघा, लॅच, स्टॉपरचे बोल्ट, चाकांचा आवाज. महिन्यातून एकदा चाकांची ढिलाई हाताने हलवून बघा, फ्लँजची रुंदी आणि कडा खाली वाकल्या आहेत का ते सरळ पट्टीने तपासा. चाकांच्या मार्गावर वेबच्या बाजूला चकचकीत रेघ उमटली असेल तर ट्रॉली सतत एका बाजूला घासते आहे, वॉशर परत मोजा. हुकाचं तोंड नवीन असतानाचं माप नोंदवून ठेवा. ते ५ टक्क्यांहून जास्त उघडलं किंवा हुकाला पीळ पडला तर हुक बदला, तापवून-ठोकून सरळ करू नका.

ग्रीस गिअरच्या दातांना द्या, बेअरिंग सील नसतील तर त्यांनाही. चाकांच्या मार्गाला मात्र ग्रीस किंवा तेल नको. त्यावर धूळ चिकटून खडबडीत थर होतो, आणि जिथे थर जास्त तिथे चाक अडतं. चाक बदलायचं झालं तर एका बाजूची जोडी बदला. एक नवीन आणि एक झिजलेलं चाक ठेवलं की भार तीनच चाकांवर येतो. चाक बदलल्यावर वॉशरची मापं पुन्हा घ्या आणि चौथाई भाराची फेरी पुन्हा मारा.